खपल्या पडेपर्यंत

आमच्या घरात पांढऱ्या कोंबड्या आल्या त्या मालकांच्या छातीसाठी. मालक म्हणजे माझा नवरा. त्याआधी आमच्याकडे सासूबाईंच्या काही गावठी कोंबड्या होत्या, दिवसभर उकिरडा उकरायच्या आणि मनात आलं तर अंडं घालायच्या. मालक खडकीला कारखान्यात कामाला होते. त्यांना खोकला लागला, मग खोकल्यातून रक्त पडलं, मग छातीचा फोटो काढला आणि तळेगावजवळच्या क्षयाच्या दवाखान्यात त्यांना ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, औषधं आम्ही देतो, दूध-अंडी घरून येऊ द्या. सरकारच्या विकास योजनेत तेव्हा विलायती कोंबड्या मिळायच्या. मालकांनी खाटेवर पडल्या पडल्या धाकट्या भावाला कामाला लावलं, आणि माझे दीर एक दिवस डालग्यात कोंबड्या घेऊन दारात उभे राहिले. पांढऱ्याशुभ्र, लाल तुऱ्याच्या आणि अकलेने अगदी सुमार. मांजर आलं तरी पळायच्या नाहीत, त्याच्याकडे बघत उभ्या राहायच्या.

आमचं गाव निघोज्याच्या शिवाराला लागून. आता तिथे गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीची लांबच लांब भिंत आहे आणि आमचं अंगण त्या भिंतीच्या आत कुठे तरी आहे. बघायला म्हणून मी एकदा गेले होते. काही वाटलं नाही, परत आले.

घरात आम्ही तिघी. सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणायचे, मी आणि माझी लहान मुलगी. दीर दिघीला लष्कराच्या कामावर होते, सुट्टीला यायचे. दर बाजारादिवशी मी चाकणपर्यंत चालत जायचे आणि तिथून तळेगावची मोटार धरायचे. भुशात घातलेली अंडी मांडीवर. मोटार खड्ड्यात आदळली की सगळे आपापलं डोकं सांभाळायचे, मी टोपली सांभाळायचे. दवाखान्याच्या व्हरांड्यात मालक भिंतीला टेकून बसलेले असायचे. मुळात ते फार बोलणारे नव्हतेच, त्यात डॉक्टरांनी बोलायला मनाई केलेली, म्हणजे त्यांना आयतंच निमित्त. मीच गावची खबर सांगायचे. ते ऐकायचे, मधूनच हसायचे. हसले की त्यांच्या गालावरचे देवीचे वण लांबट व्हायचे. ते मला आवडायचं, पण तसं मी कधी त्यांना बोलले नाही.

एका बाजारादिवशी त्यांनी सांगितलं की ऑपरेशन ठरलंय. छातीच्या काही बरगड्या काढणार. ते असं सांगत होते, जशी घराची कौलं उतरवायची आहेत.

"त्याच्या आधी एकदा येऊन जा," म्हणाले. "पोरीला नको आणू. एकटीच ये. बोलायचंय."

"मग बोला की आता."

त्यांनी शेजारच्या खाटांकडे डोळ्यानेच दाखवलं. "इथं समदे कान लावून बसल्यात. पुढच्या टायमाला खाली झाडाखाली बसू. तवर डॉक्टर परवानगी देतील."

नवऱ्याने बायकोला बोलायचंय म्हणून वेळ द्यावा, हे आमच्या लग्नात पहिल्यांदाच घडत होतं. मोटारीत बसल्यावर मला त्याचं हसू आलं. घरी आल्यावर रात्रभर झोप लागली नाही. पुढचा बाजार कधी येतो असं झालं.

त्याच्या काही दिवस आधीच गावात कोंबड्यांचा रोग आला होता. मशिदीमागच्या खाला चाकणच्या बाजारातून एक कोंबडा घेऊन आल्या होत्या, त्याच्याबरोबर आला म्हणे. त्यांनी एक पिल्लू पदराखालून काढून मला दाखवलं. तुऱ्यावर, चोचीच्या कडेला, डोळ्यांच्या पापण्यांवर काळपट फोड. एक डोळा पार मिटलेला. पिल्लू दाण्यावर चोच मारायचं ती दाण्याच्या शेजारी पडायची. "देवी है," खाला म्हणाल्या आणि पुन्हा पदराखाली घेऊन गेल्या. आमच्या अंगणात त्यांनी पाय ठेवला नाही, एवढी समज त्यांना होती.

तीनचार दिवसांत कोंबड्यांना देवी टोचणारा सरकारी माणूस सायकलवरून गावात आला. हाफ पँट, कॅरिअरला बांधलेला थर्मास आणि तेल लावून चापून बसवलेले केस. कोंबड्यांपेक्षा त्याचं लक्ष केसांकडे जास्त. पण हात चलाख होता. मी एकेक कोंबडी काखेत धरायची, तिचा पाय ताणायचा. तो मांडीवरची काही पिसं उपटायचा आणि थर्मासमधल्या बर्फातून काढलेली लस बारीक ब्रशने त्या भोकांवर चोळायचा. कोंबडी एकदा ओरडायची आणि सोडली की लगेच दाणे टिपायला लागायची. त्यांच्या सुमार अकलेचा तेवढा एक फायदा.

"आठवड्यानं इथं फुगेल, मग खपली धरेल," त्याने मला सांगितलं. "धरली की समजा लस लागली. घाबरायचं नाही. काही चोळायचं नाही, तेल नाही, हळद नाही. खपली आपोआप पडेल. नाही धरली तर पुन्हा टोचायला लागेल. मी येऊन बघेन."

मी मान हलवली. आत्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ऐकलं असेल असं मी धरून चालले.

आत्यांचं सांगायला हवं, नाही तर पुढचं कुणालाच पटायचं नाही. त्यांची दोन मुलं देवीने गेली होती. एकाच उन्हाळ्यात. तिसरे मालक, ते तेव्हा चालायला लागले होते, त्यांच्याही अंगभर फोड आले. आत्यांनी दाराला लिंबाचा डहाळा बांधला, घरात फोडणी दिली नाही, विळी उचलली नाही, केस विंचरले नाहीत, कुणाला काही दिलं नाही, कुणाकडून घेतलं नाही. आधीची दोन गेली तेव्हा घरातल्या बायांनी हंबरडा फोडला होता, म्हणून देवी रुसली आणि तिसऱ्याच्या अंगावर बसली, असं त्यांना त्यांच्या सासूने सांगितलेलं. मग त्या रडल्या नाहीत. दोन लेकरं पुरून आलेली बाई लिंबाच्या पाल्याने तिसऱ्याला वारा घालत बसली, आणि तिसरा जगला. एकदा असं झालं की माणसाला दुसरं काय पटणार? माझ्या मुलीला देवी टोचल्या आणि दंडावर फोड फुगला, तेव्हाही आत्यांनी सगळं जसंच्या तसं पाळलं. टोचून आली तरी ती देवीच, असं त्यांचं म्हणणं. आठपंधरा दिवस अळणी डाळ खाल्ली आणि फोड सुकला. तेव्हा माझं काही बिघडलं नव्हतं, म्हणून मी गप्प बसले.

बाजाराच्या आदल्या सकाळी खुराडं उघडलं तर जवळजवळ सगळ्या कोंबड्यांच्या मांड्या फुगलेल्या, वर पिवळट खपली धरायला लागलेली. लस मस्त लागली होती. मी खुशीत आत्यांना हाक मारली. वाटलं, बघून बरं वाटेल.

त्या आल्या, वाकून बघितलं, आणि दोन्ही हात जोडले. तशाच मागे सरकत घरात गेल्या. मी शेण काढून येईपर्यंत दाराला लिंबाचा डहाळा होता, खुराड्यालाही होता, आणि विळी माळ्यावर गेली होती.

"आत्या, ती लस हाय. त्यो माणूस सांगत व्हता न्हवं का?"

"त्यो काय सांगंल? त्याच्या घरात दोन गेल्यात का?"

"उद्या मला तळेगावला जायचंय."

"देवी बसल्याल्या घरातून कोन उठून जात न्हाई."

मला राग आला. इतका, की हातातली शेणाची पाटी मी अंगणात आपटली. म्हटलं, कोंबड्यांच्या मांडीला खपली आली म्हणून मी माणसाला भेटायला जायचं नाही? तेही त्याच्या ऑपरेशनच्या तोंडावर? आत्या आवाज न चढवता बोलत राहिल्या. त्यांचा आवाज चढला असता तर मला भांडता आलं असतं.

"त्याच्या अंगाला चाकू लागायचाय. तू हितनं गेलीस तर ती तुझ्या मागं मागं जाईल. देवी असताना चिरत न्हाईत गं बाय, आपण कांदासुदिक चिरत न्हाई. आन् हिथं त्याची छाती चिरत्यात. तिला तिथवर घिऊन जाऊ नगंस. त्या तिघांतलं माझं त्येच एक ऱ्हायलंय."

मग मुलीकडे बघून म्हणाल्या, "आन् हिचंबी बघ."

मी सातवी पास झाले होते. लस म्हणजे काय ते मला ठाऊक होतं, कोंबडीचा पाय मीच तर धरला होता. तरी उंबऱ्याशी जाऊन उभी राहिले आणि पाय पुढे पडेना. खरंच मागे गेली तर? त्या घरात राहून हा प्रश्न कुणाच्या मनात आला नसता, असं छातीठोक म्हणणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही. बाजारादिवशी सकाळी चाकणला जाणाऱ्या बाया रस्त्याने गेल्या. मी जात्यावर बसले होते. मग आत्यांनी जातंही बंद करायला सांगितलं, घरघर नको म्हणून.

दोन दिवसांनी टोचणारा आला. आत्यांनी त्याला वहाणा कुंपणाबाहेर काढायला लावल्या. त्याने काढल्या, खुराड्यात डोकावला आणि खूश झाला. "झकास लागलीय, काकू! सगळ्या गावात तुमच्यासारखी कुणाची लागली नाही." आत्यांनी पुन्हा हात जोडले. त्याला वाटलं, त्यालाच जोडले. त्याने केसांवरून हात फिरवला आणि गेला. मी त्याला दोन शब्द आत्यांना समजावून सांगायला विनवलं होतं. त्याने समजावलंही, हसत हसत, जसं लहान मुलाला समजावतात. आत्यांनी ऐकून घेतलं. मग मला म्हणाल्या, "पोरगं बरं हाय. पन ल्हान हाय."

त्याच संध्याकाळी दीर दिघीहून आले. कुंपणाबाहेर उभं राहूनच बोलले. आत्यांनी त्यांना तळेगावला धाडलं, ऑपरेशन पुढे ढकलायला सांग म्हणून. खपल्या पडल्या, देवी वाटेला लावली, की मग खुशाल करा. दीर माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "भाऊजी, त्यांना सांगा मी येणार व्हते." काय बोलायचं होतं ते विचारून या, असं सांगावंसं वाटलं, पण दिराच्या तोंडी असला निरोप कसा धाडायचा?

दवाखान्यात कोंबड्यांच्या खपल्यांसाठी कोण थांबतं? ठरल्या दिवशी ऑपरेशन झालं.

दीर परत आले ते दुपारी. अंगणात ऊन होतं, मुलगी ओट्यावर चिंचोके खेळत होती. मी पाणी भरत होते. आत्या कुंपणाशी गेल्या. दिरांनी डोक्याला फडकं गुंडाळलं होतं, ते त्यांनी हळूच सोडलं. डोकं भादरलेलं होतं, मिशाही काढलेल्या. इंद्रायणीवर सगळं उरकून ते आले होते. ऑपरेशननंतर मालक एक रात्र होते, शुद्धीवर आले नाहीत, हे मला फार नंतर कळलं.

आत्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. दाताखाली धरला. त्यांचं सगळं अंग हलत होतं, पण आवाज नव्हता. मग वळून त्या माझ्याकडे आल्या, चांगल्या लगबगीने आल्या, आणि माझा घसा मोकळा व्हायच्या आत त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला लिंबाचा कडू वास येत होता. दुसऱ्या हाताने त्यांनी मुलीकडे बोट केलं.

"हूं का चूं करू नगंस," कानाशी म्हणाल्या. "एक गेला. हिला ऱ्हाऊ दे."

मी त्यांचा हात ढकलला नाही. घशाशी आलेलं गिळलं. ते कुठे गेलं मला माहीत नाही, पण गेलं. घागर भरलेली होती, ती मी उचलली आणि आत नेली.

त्यानंतरचे दिवस मला नीट सांगता येणार नाहीत, कारण त्यांत सांगण्यासारखं काही झालं नाही. देवी असलेल्या घरात सुतक धरत नाहीत, असं आत्या म्हणाल्या. त्यामुळे माझ्या बांगड्या हातात राहिल्या. रोज सकाळी मी कुंकू लावायचे, कारण कपाळ मोकळं ठेवलं तर देवीला कळेल. अळणी वरण, थंड भाकरी. मुलगी विचारायची, "आये, बाजाराला कधी जायचं?" मी म्हणायचे, जाऊ. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. बाया रस्त्याने जाताना आमच्या घरापाशी पावलं हळू करायच्या, लिंबाच्या डहाळ्याकडे बघायच्या आणि पुढे जायच्या. त्यांच्या डोळ्यांसमोर मी कुंकू लावून अंगण झाडायचे. मला लाज वाटायला हवी होती, किंवा राग यायला हवा होता. काहीच येत नव्हतं. रात्री आत्या आणि मी शेजारी शेजारी पडायचो. त्यांचा श्वास अडकत अडकत यायचा. त्यांना जवळ घ्यावं असं मला एकदाही वाटलं नाही, आणि त्यांच्या अंगावर धावून जावं असंही वाटलं नाही.

रोज सकाळी एकेक कोंबडी धरून तिची मांडी बघायची, हे माझं काम होतं. खपल्या वाळून काळ्या झाल्या, कडेने सुटल्या. काही नखाने सहज निघाल्या असत्या. आत्यांनी बजावलं होतं, टोचणाऱ्यानेही बजावलं होतं, हात लावायचा नाही. दोघांचं एकमत झालेली तेवढी एकच गोष्ट. मी हात लावला नाही. तोवर खालांच्या बहुतेक कोंबड्या मेल्या होत्या, गावात बऱ्याच घरांची खुराडी मोकळी झाली होती. आमची एकही गेली नाही. टोचणाऱ्याने ते लशीवर घातलं, आत्यांनी देवीचं सगळं पाळण्यावर. अंडी येत राहिली. ती साठत गेली, तेव्हा आत्या मला उकडून द्यायला लागल्या. मी खायचे.

शेवटची खपली पडली त्या दिवशी आत्यांनी मुलीला लिंबाच्या पाण्याने न्हाऊ घातलं, खुराड्यात पाणी शिंपडलं, दहीभात आणि नारळ घेऊन शिवेपर्यंत गेल्या आणि देवीला वाटेला लावून आल्या. आल्यावर दाराचा डहाळा सोडला, बांधाला नेऊन टाकला. मुलीला शेजारच्या घरी धाडलं. सगळं सावकाश, एकामागून एक. मग उंबऱ्यावर बसल्या, दोन्ही हात छातीवर मारले आणि त्यांनी हंबरडा फोडला.

असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. आळीतल्या बाया जणू त्याचीच वाट बघत होत्या, धावत आल्या. अंगण भरलं. कुणी तरी माझे हात धरले, बांगड्या फोडल्या. कुणी तरी पदर ओला करून माझं कपाळ पुसलं. खालाही आल्या होत्या, त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. सगळ्या रडत होत्या. आत्या रांगत माझ्यापाशी आल्या. त्यांनी माझी हनुवटी वर केली, तोंडाकडे निरखून बघितलं, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"आता रड गं बाय. आता चालतंय. लई दिस धरलंस, आता रड."

मी तोंड उघडलं. बाया थांबल्या, मला वाट करून दिल्यासारख्या. मालकांचा चेहरा डोळ्यांपुढे आणला, गालावरचे वण आणले, ते झाडाखाली काय बोलणार होते तेही मनात आणून बघितलं. आत्या माझा खांदा हलवत होत्या, "रड की गं, रड की," आणि त्यांच्या डोळ्यांत मला भीती दिसली, देवीची नव्हे, माझी. मला रडू आलं नाही. त्या दिवशी नाही, मागाहून केलेल्या दहाव्याला नाही, आणि पुढेही कधी आलं नाही.